काटा सगळ्यांना एकच लावा

नगर जिल्ह्यातले ग्रामसभांचे सदस्य, यात्रा कमिट्यांचे पदाधिकारी, देवस्थानांचे विश्वस्त, मशिदी-दर्ग्यांचे कारभारी, कीर्तनकार, बाजारकरी आणि ज्यांच्या घरात अठरा-वीस वर्षांची मोबाइलवाली पोरं आहेत असे सगळे आई-बाप, यांना नमस्कार.

होळी जवळ आली की आपल्या जिल्ह्यात यात्रांचा हंगाम उघडतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढी, आणि पुढे चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. देवळाच्या ओट्यावर कमिटीच्या बैठका बसतात. वर्गणी घरटी किती, तमाशाची सुपारी कोणाला, कुस्त्यांच्या हगाम्याला शेवटची कुस्ती कितीची, पालांच्या जागेची पावती कितीची फाडायची, हे विषय वर्षानुवर्षांचे आहेत. अलीकडे या बैठकांत एक नवा विषय शिरला आहे. पाल कोणाला लावू द्यायचे आणि कोणाला नाही.

विनंती सरळ आहे. या हंगामात आपल्या गावात धर्म किंवा जात बघून कोणाचा धंदा, कोणाची वाट, कोणाचे पाणी बंद करणारा ठराव होऊ देऊ नका. विषय निघाला तर गप्प बसू नका. झालाच ठराव, तर आपला विरोध लेखी नोंदवा. घाई करून हे लिहितो आहे, कारण ठराव व्हायला अर्धा तास लागतो आणि त्याचा डाग पुसायला एक पिढी पुरत नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या मढीपासून सुरुवात करू. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला की कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांनी तो राज्यघटनेशी विसंगत ठरवून रद्दबातल केला. राज्यभर बातम्या झाल्या, चॅनेलवाले आले, दोन्ही बाजूंची भाषणे झाली, आणि आपापली माणसे टाळ्या वाजवून घरी गेली.

तो ठराव निव्वळ द्वेषातून आला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणत नाही. त्यामागे नीतीचे एक कारण पुढे केलेले होते आणि ते ऐकून घेण्यासारखे होते. यात्रेआधीचा महिनाभर मढीकर व्रतस्थ राहतात. नाथांना तेल लागले की गावात तळण होत नाही, लग्नकार्ये थांबतात, शेतीची कामे, लांबचे प्रवास टाळतात. एवढे कडक पथ्य पाळणाऱ्या गावाला आपल्या यात्रेचे पावित्र्य जपावेसे वाटले तर त्यात काय चुकले? बाहेरून येणारे व्यापारी ही प्रथा पाळत नाहीत, यात्रेत अवैध धंदे चालतात, भाविकांना त्रास होतो, अशी गावाची तक्रार होती.

ठीक आहे, तक्रार खरी धरू. मग प्रश्न असा येतो की प्रथा न पाळणारा व्यापारी फक्त एकाच धर्माचा असतो का? यात्रेत भज्यांची कढई टाकणारा, जिलेबीचा घाणा काढणारा, पाळणेवाला, मौत का कुआँवाला, गृहोपयोगी भांड्यांचा ट्रक घेऊन येणारा, यांच्यातल्या कितीजणांनी महिनाभर तळण खाल्ले नाही, हे कोणी विचारले? हिंदू नावाच्या दुकानदाराला तो प्रश्न कोणी कधीच विचारला नाही. तळणाने व्रत मोडते असे गावाला वाटत असेल तर तसा फलक वेशीवर लावा आणि कढई कोणाचीही असो, ती अमुक हद्दीच्या आत चालणार नाही म्हणा. सोरट आणि चक्री चालत असेल तर पोलिसांना सांगून उचला, मालक कोणीही असो. रेवडी भेसळीची निघाली तर अन्न-औषधवाल्यांना बोलवा. आणि मापात पाप होत असेल तर वजनमापे निरीक्षक आणा आणि पहिल्या पालापासून शेवटच्या पालापर्यंत सगळे काटे तपासा. असा नियम केला असता तर कोणत्याही अधिकाऱ्याला तो रद्द करता आला नसता, आणि यात्राही खरोखर स्वच्छ झाली असती.

नेमके हेच झाले नाही. नियम मोडणाऱ्याला शोधायचे सोडून आपण नाव विचारले. नीतीचा नियम आडनाव बघून लागू झाला की तो नियम राहत नाही, ओळखपरेड होते. आणि खरा लबाड, ज्याचे आडनाव ‘आपल्यातले’ आहे, तो त्या गर्दीतून आरामात निसटतो. या सगळ्या आवाहनात मला सांगायचे आहे ते एवढेच. पुढे जे लिहितो आहे ते याच एका गोष्टीचे दाखले आहेत, आणि दुर्दैवाने ते सगळे आपल्याच जिल्ह्यातले आहेत.

मढी म्हणजे काय, हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. त्या गडावर कानिफनाथांची समाधी आहे आणि त्याच दैवताला मुस्लिम भाविक शहा रमजान माहीसवार म्हणत आले. आपल्याकडे नाथांना अशी दोन-दोन नावे असणे नवे नाही. गडावर मान आहे तो गोपाळ, कैकाडी, वैदू अशा भटक्यांचा. मानाची होळी पेटवायची ती गोपाळांनी, काठ्या नाचवत कळसाला भिडवायच्या त्या त्यांच्यासारख्याच भटक्यांनी. ज्यांना सातबाऱ्यावर कुठे नाव नाही, त्यांचे नाव या गडावर आहे. रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो. गुजरात-राजस्थानकडची जनावरे येतात. तिथे एकदा बाजूला उभे राहून सौदा बघा. वडार गाढवाच्या तोंडात बोट घालून दात बघतो, पायाचे खूर उचलून बघतो, चार पावले चालवून बघतो. विकणारा कोणत्या देवाला जातो हे तो विचारत नाही, कारण त्याला ओझे वाहणारे गाढव हवे असते.

या मढीचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो ठराव करणाऱ्यांनी तर नक्कीच लक्षात घ्यायला हवा होता. याच यात्रेत भटक्यांच्या जातपंचायती बसत. मढीला त्यांचे सुप्रीम कोर्ट म्हणत. चांगले निवाडेही होत असतील, पण वाळीत टाकण्याचे निवाडेही इथेच होत. बाईने दुसऱ्या जातीत लग्न केले, दंड भरला नाही, पंचांना उलट बोलले, झाले, सगळे कुटुंब वाळीत. सोयरीक बंद, मयताला खांदा बंद. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्यांनी आणि त्या त्या समाजातल्या धाडसी पोरांनी, बायांनी हे उघड्यावर आणले. पंचायती बरखास्त होऊ लागल्या. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे देशातले पहिले राज्य म्हणून आपण तेव्हा पाठ थोपटून घेतली. त्यात बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. तो कायदा समाजाने स्वतःच्याच माणसाला वाळीत टाकण्यापुरता आहे, हे मला ठाऊक आहे. मढीच्या ठरावाला तो लागतो की नाही, हा वकिलांचा विषय. पण ज्या गडावरून भटक्यांच्या पंचांना आपण ‘वाळीत टाकणे हा गुन्हा आहे’ असे शिकवले, तिथेच दहा वर्षांच्या आत गावकीने तेच करायला घ्यावे? फरक एवढाच की आता पंचांच्या जागी लेटरहेड आहे आणि गोल शिक्का आहे.

आता शिर्डीचे एक जुने प्रकरण बघा. ते साईसच्चरितात सविस्तर आहे, पण रांगेत उभ्या राहणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांनी ते लक्ष देऊन वाचले असेल. १८९७ साली कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना उशिरा मूल झाले. त्या आनंदात त्यांनी शिर्डीत उरूस भरवायचे ठरवले. हिंदू अधिकारी, मशिदीत राहणाऱ्या फकिराचा उरूस, आणि दिवस ठरला रामनवमीचा. गावच्या कुलकर्ण्याने विरोधी मत दिले, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी आधी परवानगी नाकारली. गावकऱ्यांनी खटपट केली आणि परवानगी मिळवली. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी संदलाची मिरवणूक सुरू केली. निशाणे दोन, त्यातले एक निमोणकरांचे आणि एक आपल्या नगरच्या दामूअण्णा कासारांचे. १९१२ पासून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही होऊ लागला, आणि संदलही थांबला नाही. यात्रेत पाणी कमी पडेल, दुकाने कुठे बसवायची, कुस्त्यांचे काय, अशाच चर्चा तेव्हा झाल्या.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. १८९७ मध्ये साहेब नाही म्हणत होता आणि सगळ्यांची जत्रा भरावी म्हणून गावकरी अर्ज घेऊन धावत होते. २०२५ मध्ये गाव काहींना नको म्हणत होते आणि साहेबाला घटना दाखवावी लागली. सव्वाशे वर्षांत आपण शाळा काढल्या, कारखाने काढले, सहकाराचे मंदिर म्हणवून घेतले, आणि इथे येऊन पोचलो.

शिंगणापूरचे प्रकरण ताजे आहे. मे २०२५ मध्ये शनीच्या चौथऱ्यावर ग्रिलचे काम करणाऱ्या मुस्लिम कामगारांचा व्हिडिओ फिरला. संघटनांनी मोर्चाचा इशारा दिला. जूनमध्ये देवस्थानाने १६७ कर्मचारी कमी केले, त्यात ११४ मुस्लिम होते. कारण सांगितले गेले ते अनियमितता आणि गैरहजेरीचे. असेल. गैरहजर माणसाला घरी पाठवण्याचा अधिकार प्रत्येक संस्थेला आहे, आणि हजेरीपट कोणाच्याही बाजूने खोटे बोलत नसतो. पण मग हा हजेरीपट मोर्चाच्या तारखेआधी कोणाला का दिसला नाही?

याहून मोठी गोष्ट त्यानंतर उघड्यावर आली. शनीच्या ऑनलाइन पूजेच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांचे पैसे लाटल्याचा गुन्हा जुलैमध्ये दाखल झाला. देवस्थानाच्या कारभारावर विधानसभेत प्रश्न विचारले गेले. ज्या गावात घरांना दारे नाहीत म्हणून जगभरातून लोक बघायला येतात, त्या गावच्या देवाच्या नावाने चोरी होत असल्याचा हा आरोप आहे. त्याचा निकाल कोर्टात लागेल. मी विचारतो ते वेगळे. ग्रिल कोणी बसवली यासाठी हजारोंचा मोर्चा निघण्याची तयारी झाली. देवाच्या पैशाच्या हिशेबासाठी किती निघाले? चौथऱ्याचे पावित्र्य मोडते ते वेल्डिंग करणाऱ्याच्या नावाने की भाविकाच्या खिशात हात घालणाऱ्याने, याचा विचार ज्याने त्याने करावा. याच चौथऱ्यावर बायकांनी जायचे नाही, ही ‘परंपरा’ही २०१६ च्या पाडव्याला मोडली. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विश्वस्तांनी दार उघडले. आज तिथे लेकी-सुना जातात आणि कोणाच्या मनात ते खटकत नाही.

आता जे लिहितो ते अधिक अवघड आहे, कारण तिथे धर्म एकच आहे. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. शाळेत मराठा मुलीशी बोलला, एवढा संशय होता. जुलै २०१६ मध्ये शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीत मराठा घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी दलित होते. दोन्ही खटल्यांचे निकाल नगरच्याच न्यायालयात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने लागले. कोपर्डीत तिघांना फाशी सुनावली. खर्ड्यात साक्षीदार फितूर झाले आणि सगळे आरोपी सुटले.

निकालांची तुलना करून न्यायाधीशांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पुरावा समोर येईल तसा निकाल लागतो. पण साक्ष फिरवली ती न्यायाधीशाने नाही. ती आपल्यासारख्याच माणसांनी, आपल्याच गावातल्या दबावाखाली फिरवली. कोपर्डीनंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले, आणि त्या मुलीसाठी ते निघायलाच हवे होते. खर्ड्यानंतर जी माणसे रस्त्यावर आली ती बहुतेक एकाच समाजाची होती. पोर ते पोर, आई ती आई. तरी आपण आधी विचारले, ‘कोणाचं?’ ज्या समाजाला ही सवय लागली, त्याला पुढे धर्माच्या नावाने वळवायला कोणाला फार कष्ट पडत नाहीत. रस्ता आधीच पडलेला असतो.

मुस्लिम बांधवांनाही स्पष्ट सांगायचे आहे, आणि इथे गोड बोलून उपयोग नाही. जून २०२३ मध्ये मुकुंदनगरच्या संदलात औरंगजेबाची चित्रे नाचवली गेली. औरंगजेब मेला तो आपल्या नगरजवळच, १७०७ मध्ये. त्याच्या त्या चित्राने नगरच्या कोणत्या गरिबाची चूल पेटली? सप्टेंबर २०२५ मध्ये माळीवाड्यात रस्त्यावरच्या रांगोळीत पैगंबरांचे नाव लिहिले गेले. श्रद्धेचे नाव पायदळी येईल अशा जागी लिहिणे हा खोडसाळपणा होता, आणि संशयिताला पोलिसांनी पकडलेही होते. तरी कोठल्यात महामार्ग अडवला गेला, दगड आले, लाठीमार झाला, तीसच्या आसपास तरुण ताब्यात गेले. कोठला म्हणजे मोहरमच्या सवाऱ्यांची जागा. तिथल्या बारा इमामांना नगरची हिंदू घरे पिढ्यानपिढ्या नवस बोलत आली आहेत. त्या चौकात दगड उचलणाऱ्या पोराने त्या घरांकडे पाठ केली. दगड कोणी आधी मारला, याची तपासणी करत बसणारे दोन्हीकडे आहेत. मशिदीतल्या आणि दर्ग्यातल्या कारभाऱ्यांनी शुक्रवारी एवढे तरी सांगावे: अपमान झाला तर पोलीस ठाण्यात जा, पण रस्ता अडवू नका आणि हातात दगड घेऊ नका.

श्रीगोंद्याचे संत शेख महंमद हे आपल्याच मातीतले. त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि तेच एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू, असे परंपरा सांगते. आज त्या संताच्या स्थानावरून कागदोपत्री मालकीचा वाद पेटवला जातो. जागा कोणाच्या नावावर, हे कोर्ट ठरवील. पण संत कोणाचे, याचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाही.

ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाचे नाव घेतल्याशिवाय नगरचा माणूस या विषयावर लिहूच शकत नाही, म्हणून घेतो. पसायदान आता सरकारी कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतात, आणि त्या वेळी निम्मी माणसे चपला शोधत असतात. कीर्तनकार महाराजांना माझे सांगणे आहे की ते चपला शोधण्याआधी, मुख्य निरूपणात आणा. आज काही व्यासपीठांवरून अभंगाला निमित्त करून अर्धा तास एखाद्या धर्मावर बोलतात आणि बिदागी घेऊन पुढच्या सप्ताहाला जातात. गावात मागे राहते ते गावकऱ्यांना निस्तरावे लागते. महाराज, दारू, हुंडा, बापाच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा, दूधभेसळ, सोसायटीतली कर्जे, हे विषय काय कमी आहेत? त्यावर बोला. श्रोत्यांतले चार जण उठून जातील, बाकीचे ऐकतील.

बहिष्काराचा धंद्यावर काय परिणाम होतो तेही बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नगर शहराचे आमदार संग्राम जगताप यांनी सोलापुरात आवाहन केले की दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंकडून करा. त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाने त्यावर नापसंती दाखवली. आता त्याच वर्षीच्या पावसाळ्याची आठवण करा. गोरक्षणाच्या नावाखाली रस्त्यात गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते, म्हणून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद केली. काष्टी, घोडेगावसारख्या बाजारांवर जगणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळला. भाकड म्हैस दावणीला, रोजचा चारा-पेंड चालू, आणि गिऱ्हाईक नाही. बाजारात रुमालाखाली बोटे धरून ज्याच्याशी तीस वर्षे सौदा केला, तो समोरच आला नाही तर भाव ठरवायचा कोणाशी? त्यावर ‘आपल्यातलाच व्यापारी बघा’ असे सांगणारे पुढारी त्या आठवड्यात एकही म्हैस विकत घ्यायला आले नाहीत. आपल्या जिल्ह्यातला कांदा, दूध, डाळिंब, जनावरे हजार हातांतून जातात. त्यातले अर्धे हात तोडून भाव वाढत नसतो.

पुढाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. त्यांना यातून काय मिळते ते उघड आहे. मुळा-भंडारदऱ्याचे आवर्तन, जायकवाडीला जाणारे पाणी, कांद्याची निर्यातबंदी, रखडलेली पाणीयोजना, हे प्रश्न विचारणारे गाव दोन तुकड्यांत असले की प्रश्नही दोन तुकड्यांत पडतो. धर्माच्या नावाने मते मागणे हा निवडणूक कायद्याने भ्रष्ट आचार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०१७ मध्ये त्यात मतदाराचा धर्मही येतो असे बहुमताने सांगितले. याच महाराष्ट्रात बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार अशाच भाषणाच्या कारणाने सहा वर्षे काढून घेतला गेला होता. कायदा आहे. तो वापरायला तक्रारदार लागतो, आणि तक्रारदार आपण व्हायचे आहे.

आई-बापांसाठी दोन शब्द, आणि हे मला सर्वांत जवळचे वाटते. शेवगाव, संगमनेर, श्रीरामपूर, नगर, दंगलीचा कुठलाही गुन्हा उघडून बघा, आरोपींच्या वयाचा रकाना वाचा. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली भरतीच्या अकादम्या आहेत. पहाटे चारला उठून पोरं डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारतात. बापाने कांदा विकून फी भरलेली असते. त्यातल्या एखाद्याने रात्री अकरा वाजता एक स्टेटस ठेवले किंवा कोणाच्या तरी हाकेवर मिरवणुकीत दगड भिरकावला, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. पुढे लेखी पास, मैदान पास, मेडिकल पास, आणि चारित्र्य पडताळणीत फाइल अडकते. ज्याने व्हिडिओ पाठवला तो तेव्हा दुसऱ्या गावात दुसरा व्हिडिओ पाठवत असतो. ज्याच्या नावाने घोषणा दिल्या त्याचा मुलगा पुण्यात किंवा परदेशात शिकत असतो. कोर्टाच्या तारखेला डबा घेऊन येते ती आईच. म्हणून आज रात्री जेवताना पोराशी बोला. फोन हिसकावून घेऊ नका, त्याने काही होत नाही. एवढेच विचारा: हा व्हिडिओ कुठला, कधीचा, कोणी काढला? तिन्हींचे उत्तर येत नसेल तर पुढे पाठवू नको.

किल्ल्याकडे बोट करून दाखले थांबवतो. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव याच नगरच्या किल्ल्यात एका आवारात कैदेत होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली. त्यांच्यात मतभेद काही कमी नव्हते. शहराचे नाव अहमदनगर म्हणा की अहिल्यानगर म्हणा, त्या वादात मी आज शिरत नाही. पण चोंडीच्या लेकीचे नाव लावायचे असेल तर तिच्या नावाने चालणाऱ्या कारभारात फिर्यादीचे नाव न बघता न्याय मिळाला पाहिजे, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

आता करायचे काय ते सांगतो. ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. तिचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाका म्हणजे विषयपत्रिका सगळ्यांना कळेल. विषयपत्रिकेत नसलेला ठराव ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ आयत्या वेळी येतो, तिथे लक्ष ठेवा. हजेरीपटावर सही किंवा अंगठा करण्याआधी वरच्या ओळी वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. घरातल्या बायकांना सभेला घेऊन या. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. म्हणजे मोठ्या गावाचे नाव घेऊन शंभर माणसेही ठराव करू शकतात, आणि तुम्ही घरी टीव्ही बघत बसलात तर ते नाव तुमचेही लागते. पावित्र्य, स्वच्छता, शिस्त यांचे नियम जरूर करा. कडक करा. पण प्रत्येक वाक्यात ‘कोणीही’ हा शब्द घालून ते वाचून बघा. तो शब्द घातल्यावर नियम लागू करायला तुमची तयारी नसेल, तर त्या कागदावर सही करू नका.

एवढे करूनही ठराव झालाच, तर त्याच सभेत उभे राहा आणि ‘माझा विरोध नावासह इतिवृत्तात लिहा’ असे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सांगा. लिहिले की नाही ते वाचून बघा. लिहिले नसेल तर दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे मिळून पंचायत समितीत जा, गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज द्या आणि आवक-जावक टेबलावरून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.